भिंतीकडे फिरवलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. दीड हात लांब, वीतभर रुंद आणि अंगावर एका रांगेत सात पितळी हुक. मला पाहणारा प्रत्येक जण मला किल्ल्या अडकवायची फळी समजतो. एका पाहुण्याने तर माझ्यावर ओली छत्री टांगली होती, आणि तो अपमान मी अजून विसरलेली नाही. माझ्यावर किल्ल्या नव्हे, माणसांची नावं टांगलेली असायची. त्या नावांसाठी माझ्यासमोर बसून घरातली माणसं देवाशी बोलायची. ऐकायला किती छान वाटतं, नाही? थांबा जरा, पुढे ऐका.

जन्माने मी घड्याळातली. एका कचेरीच्या भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं, त्याच्या पेटीची मी पाठ होते. चाळीस वर्षं माझ्या अंगाला लागून लंबक हलत होता. मग एक दिवस ते घड्याळ बंद पडलं ते पडलंच. ते दुरुस्तीला आलं, तेव्हा घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं, मान हलवली, कामाची चाकं काढून घेतली आणि पेटी मोडली. मी दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडले.

घड्याळजी हाडाचे कारागीर. खाली त्यांचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर आणि मध्ये कुरकुरणारा लाकडी जिना. घरात बायको आणि दोन मुली, थोरली चौदाची, धाकटी सहाची. रविवारी सगळे नेमाने चर्चला जात. पण बाकीच्या दिवसांत घरात प्रार्थना व्हायची ती कुणाला ताप आला की, नाहीतर परीक्षेचा निकाल असला की. ही गोष्ट मुलींच्या आईला खुपायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, आपण देवाला फक्त अडचणीत हाक मारतो. शेजारीण माझ्याशी अशी वागली असती ना, तर मी तिला दारात उभी केली नसती."

"मग काय करायचं म्हणतेस?" घड्याळजींनी विचारलं.

"वार ठरवू या. रोज संध्याकाळी एका माणसासाठी दहा मिनिटं. जास्त नाही."

घड्याळजींना ठरलेली गोष्ट मनापासून आवडायची. त्यांनी मला कोपऱ्यातून उचललं, घासून पुसून तेल लावलं आणि सात हुक बसवले. आईने जाड कागदाची कार्डं कापली, त्यांना दोऱ्याचे फास लावले आणि आपल्या गोल अक्षरात नावं लिहिली. सोमवार आईचा, मंगळवार घड्याळजींचा, बुधवार थोरलीचा, गुरुवार धाकटीचा. शुक्रवारी ओळखीतली आजारी माणसं. शनिवारी ज्यांच्याशी आपलं पटत नाही ती. रविवारचा हुक रिकामा, कारण त्या दिवशी मागायचं काही नाही, नुसते आभार मानायचे. असा आमचा आठवडा ठरला.

मित्रांनो, पहिली चार वर्षं मला स्वप्नासारखी आठवतात. सात वाजता सगळे जमिनीवर बसायचे. एक जण पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, छोटा भाग वाचायचा, मग ज्याचा वार असेल त्याने आपलं काय चाललंय ते सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. शनिवारच्या कार्डावर पहिलं नाव शेजारच्या इस्त्रीवाल्याचं होतं. दुकानाच्या पाटीवरून त्याचं आणि घड्याळजींचं वाजलं होतं. घड्याळजी डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, त्याला बुद्धी दे." तशी आईने त्यांना कोपरखळी मारली. "बुद्धी नको, सुख मागा." घड्याळजींनी पुन्हा डोळे मिटले आणि सुख मागितलं. मुली तोंडावर हात दाबून खुदुखुदु हसत होत्या. महिनाभराने इस्त्रीवाल्याने आपण होऊन पाटी सरकवून घेतली. त्या दिवशी मी माझ्या सगळ्या हुकांसकट फुशारले.

मग थोरली नर्सिंग शिकायला लागली. इस्पितळ वीस मिनिटांवर होतं, पण तिची दुपारपाळी सातला संपायची आणि ती घरी यायची साडेसातला. नेमका बुधवार तिच्या पाळीत यायचा. पहिल्या बुधवारी सातचे ठोके पडले, थोरली नाही. घड्याळजींनी प्रार्थना सुरू करायला घेतली, तेवढ्यात धाकटी खुर्चीवर चढली आणि तिने थोरलीचं कार्ड भिंतीकडे फिरवलं. "ताई आली नाही ना, मग तिचं नाव रुसलंय!" दहा वर्षांच्या पोरीची ती गंमत. आई हसली. मीही हसले. कार्डाची कोरी पाठ खोलीकडे झाली होती आणि नाव माझ्या छातीशी.

घड्याळजी मात्र हसले नाहीत. बिघडलेल्या घड्याळातला दोष सापडला की ते जसे बघायचे, तसे ते त्या कोऱ्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे तसंच."

रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी नियम सांगितला. आपल्या वारी जो सातच्या ठोक्याला या खोलीत नसेल, त्याचं कार्ड भिंतीकडे फिरेल. फिरलेल्या नावासाठी या घरात कुणी प्रार्थना करायची नाही. रविवारी सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागितली की कार्ड पुन्हा सरळ होईल. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "मलासुद्धा. घड्याळात एक दाता चुकला की सगळी वेळ चुकते."

खरं सांगते, तेव्हा मला ते पटलं होतं. चाळीस वर्षं घड्याळात काढलेली मी, मला वेळेचा अभिमान. मला वाटलं, वा, आता माझा दरारा वाढला. माझ्या लाकडाला तेव्हाच वाळवी लागायला हवी होती.

थोरलीने पहिल्या रविवारी माफी मागितली, दुसऱ्या रविवारीही मागितली. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, माझा वार बदला ना. बुधवारऐवजी गुरुवार द्या मला. धाकटीला चालेल."

"वार माणसाने बदलायचे नसतात."

"अहो बाबा, या बुधवारी एक म्हातारी जात होती. तिचं कुणी नव्हतं. मी तिच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होते."

"तिला पाणी पाजायला इस्पितळात दुसऱ्या नर्स होत्या," घड्याळजी म्हणाले. "देवासमोर बसायला या घरात तूच नव्हतीस."

थोरलीचा चेहरा उतरला. ती गुडघे टेकायला खाली वाकली होती, ती अर्ध्यातून उठली. "मग मी माफी मागत नाही. मरणाऱ्या बाईला पाणी पाजलं म्हणून माफी? मला तर देवाने तिथेच बसवलं होतं." महिन्याभरात ती नर्सच्या वसतिगृहात राहायला गेली. जाताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेली.

तिचं कार्ड भिंतीकडे राहिलं. एक आठवडा नाही, दोन नाही, सात वर्षं. बुधवार आला की घरात काय व्हायचं ते ऐका. सातला तिघं माझ्यासमोर बसायची. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या वाराची दहा मिनिटं घड्याळजी चुकवायचे नाहीत. तोंडातून ब्र न काढता दहा मिनिटं बसायचं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. त्याआधी दर बुधवारी आई विचारायची, "आज तरी सरळ फिरवू का?" आणि घड्याळजी म्हणायचे, "ती आली की फिरव." साडेतीनशेहून जास्त वेळा मी हे ऐकलं. आईचा प्रश्न दर वेळी आधीपेक्षा थोडा हळू असायचा.

चर्चचे पाळकसाहेब एकदा मुद्दाम समजवायला आले. ते म्हणाले, "घड्याळजी, उशिरा येणाऱ्यालाही देव आत घेतो हो." घड्याळजी म्हणाले, "म्हणूनच तुमची उपासना दर रविवारी दहा मिनिटं उशिरा सुरू होते." पाळकसाहेब चहा अर्धा टाकून गेले.

आईने मग चोरी सुरू केली. दुपारी घड्याळजी खाली दुकानात असायचे आणि धाकटी शाळेत. आई हात पुसत यायची आणि थोरलीचं कार्ड हळूच सरळ करायची. मग समोर बसून भाजी निवडता निवडता लेकीसाठी पुटपुटायची. "प्रभू, तिच्या पायांना आराम दे, दिवसभर उभी असते. तिला वेळेवर जेवू दे. तिला आमचा राग येऊ देऊ नकोस, आलाच तर जाऊ दे." सातच्या आत ती कार्ड परत फिरवून ठेवायची. अशी ही चोरी दोन वर्षं चालली. त्या घरात खरी प्रार्थना तेवढीच होत होती आणि तीही चोरून.

पण घड्याळजींचा डोळा कारागिराचा. कार्डाच्या दोऱ्याची गाठ डावीकडे असायची, ती एका बुधवारी उजवीकडे दिसली. ते उठले. खाली गेले, भिंग, पेचकस आणि मनगटी घड्याळाच्या झाकणाचा एक बारीक स्क्रू घेऊन वर आले. थोरलीचं कार्ड भिंतीकडे तोंड करून माझ्यावर दाबलं आणि कागदातून आरपार तो स्क्रू माझ्यात पिळला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, नका हो. पाया पडते." घड्याळजींनी शेवटचा पीळ दिला आणि स्क्रूवरची धूळ फुंकली. "आता हात लावायचा मोह होणार नाही," ते म्हणाले. काम नेहमीसारखं सुबक झालं होतं.

लाकडाला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखतं. पण त्याहून जास्त लाज वाटते, कारण तो स्क्रू मी घट्ट धरून ठेवला.

त्यानंतर आई खंगत गेली. स्क्रूमुळे गेली असं मी म्हणणार नाही, तिच्या छातीत पाणी झालं होतं. तिला इस्पितळात हलवलं, नेमकं थोरलीच्याच वॉर्डात. सोमवारी सातला आईच्या वाराला आई खोलीत नव्हती. सतरा वर्षांच्या धाकटीने सरळ विचारलं, "बाबा, आईचंही नाव फिरवायचं?"

"आजारपणाला सूट आहे."

"मग ताईच्या आजारी माणसांना का नव्हती?"

घड्याळजींनी तिच्या थोबाडीत मारली. त्या खोलीत, माझ्यासमोर, शास्त्र उघडं असताना. मग त्यांनी आईसाठी खूप सुंदर प्रार्थना केली. ते ढोंग नव्हतं, मित्रांनो. त्यांचा बायकोवर जीव होता. म्हणून तर मला आजही त्यांचा पुरता राग करता येत नाही.

दुसरा दिवस मंगळवार, म्हणजे घड्याळजींचा वार. संध्याकाळी पावणेसातला घड्याळजी आणि धाकटी इस्पितळातून घरी आले. सातला सहा मिनिटं असताना ते खाली बसले. सातचे ठोके पडले. मंगळवारचं नाव सरळ होतं, आजवर एकदाही न फिरलेलं. धाकटीने वडिलांसाठी प्रार्थना सुरू केली. सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

धाकटी उठायला लागली. घड्याळजींनी तिचं मनगट धरलं. "आमेन होईपर्यंत कुणी उठायचं नाही."

"बाबा, आईचा असेल."

"देवासमोर बसलोय आपण. बस."

फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. धाकटी रडत रडत प्रार्थना म्हणत होती आणि तिला शब्द सापडत नव्हते. सात वाजून दहा मिनिटांनी आमेन झालं. घड्याळजींनी फोन उचलला तेव्हा तो पुन्हा वाजायला लागलेला होता. त्यांनी ऐकलं, आणि रिसीव्हर खाली न ठेवता तसेच उभे राहिले.

बाकीचं मला दफनविधीच्या दिवशी कळलं. थोरली सात वर्षांनी तो जिना चढून वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. नर्स जशी पेशंटच्या नातेवाइकांना सांगते, तसं तिने सांगितलं. "बाबा, मी वॉर्डच्या दारात तुमचा हात धरला होता. म्हटलं होतं, आज जाऊ नका, श्वास बदललाय. तुम्ही म्हणालात, आज मंगळवार आहे. तुम्ही गेल्यावर आई दोनदा विचारत होती, 'ते आले का?' मी तिला म्हटलं, 'आले, जिन्यात आहेत.' मग तिने विचारलं, 'उद्या बुधवार ना गं? तुझं नाव फिरवतील ना?' मी म्हटलं, 'हो, फिरवलंय त्यांनी.' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी पाच मिनिटांत दोनदा बोलले. सात वाजून सहा मिनिटांनी ती गेली. तुमच्या घड्याळात बरोबर तेवढेच वाजले होते का?"

घड्याळजींनी खिशातून पेचकस काढला आणि माझ्याकडे वळले.

"राहू दे," थोरली म्हणाली. "ती होती तेव्हा फिरवायचं होतं." ती जिना उतरून गेली.

पुढच्या मंगळवारी घड्याळजी दुकानातच बसून राहिले. वर सातचे ठोके पडले, ते मोजत बसले असावेत. सात वाजून एक मिनिटाने ते जिना चढून आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या हाताने आपलं नाव भिंतीकडे फिरवलं. धाकटी बघत राहिली. "रविवारी ताईला बोलाव," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर माफी मागायची असते. ती आल्याशिवाय सगळे होत नाहीत."

धाकटी इस्पितळात जाऊन आली. "ताईची रविवारी ड्युटी आहे."

"मग सोमवारी येऊ दे. कुठल्याही वारी येऊ दे. कितीही वाजता. मी बसून राहीन म्हणावं."

धाकटी पुन्हा गेली, पुन्हा आली. दारातच चप्पल काढत उभी राहिली, वडिलांकडे बघवत नव्हतं तिला. "काय म्हणाली?" घड्याळजींनी विचारलं.

"म्हणाली, वार माणसाने बदलायचे नसतात."

घड्याळजी खाली बसले. त्या दिवशी त्यांनी सातची प्रार्थना केली नाही. माझ्या आठवणीत ती पहिलीच चुकलेली संध्याकाळ.

धाकटी नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली. घड्याळजी एकटे राहिले. दर बुधवारी ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि थोरलीच्या कार्डातला तो स्क्रू काढायचा प्रयत्न करायचे. आयुष्यभर तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू ज्यांनी लीलया काढले, त्यांना आता म्हातारपणी हा एक निघेना. पेचकस खाचेतून घसरायचा, पुन्हा लावायचे, पुन्हा घसरायचा. शेवटी स्क्रूची खाच पार झिजून गुळगुळीत झाली. चिमट्याने कागद फाडून काढावा, एवढं साधं त्यांना सुचलं नाही असं नाही. चिमटा उचलून ते कागदापाशी न्यायचे आणि परत ठेवायचे. कार्ड आईच्या हातचं होतं. सहा वर्षांनी ते गेले. त्यांचं नाव शेवटपर्यंत भिंतीकडेच होतं, आणि त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायला घरात कुणी नव्हतं.

घर रिकामं करताना थोरलीने फक्त मला नेलं. आता मी तिच्या स्वयंपाकघरात आहे. ती आता वॉर्डची मोठी सिस्टर आहे. आईने घालून दिलेला आठवडा ती पाळते, पण सातचं बंधन नाही. ड्युटीवरून येईल तेव्हा, कधी चहा पिता पिता, कधी उभ्या उभ्या. सोमवारी आईसाठी देवाचे आभार मानते. शुक्रवारी वॉर्डातल्या खाटांचे नंबर घेऊन एकेकासाठी मागते, आणि इतक्या मायेने मागते की माझं लाकूड भरून येतं. शनिवारी तर तिचं ज्या डॉक्टरशी पटत नाही, त्याच्यासाठीसुद्धा सुख मागते. अगदी आईसारखं.

आणि मंगळवारी ती माझ्यासमोर दहा मिनिटं गप्प बसते. घड्याळात बघून, बरोबर दहा. वडिलांच्या कार्डाला स्क्रू नाही, ते नुसतं दोऱ्यावर लटकलंय, एका बोटाने फिरेल. गेल्या मंगळवारी तिने बोट पुढे केलं होतं. कार्डाला टेकलंसुद्धा होतं. मग तिची नजर शेजारच्या बुधवारवर, त्या गुळगुळीत स्क्रूवर गेली आणि तिने हात मागे घेतला. धाकटीची लेक तिथेच खेळत होती. तिने विचारलं, "मावशी, हे कोरं कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही," थोरली म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला तेल लावा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी तुम्हीही जरूर अशी फळी करा. वार ठरवा, माणसं ठरवा, एकमेकांसाठी देवाकडे मागा. त्याने घर खरंच बदलतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त कार्डं करताना एवढं माझं ऐका. नाव दोन्ही बाजूंना लिहा.